फुलांचा वाफा, तण आणि गांडूळ



मागच्या पाठात निर्माल्याचं खत बघितलं. त्यानंतर तीन-चार ताईंनी एकच प्रश्न विचारला, "वाफ्यात तण फार होतं, काय मारायचं?" उत्तराआधी माझीच चूक सांगते.

गेल्या दिवाळीआधी बमरोलीला आमच्या सोसायटीच्या वाफ्यात हरळी आणि लव्हाळा इतका माजला की जास्वंद दिसेना. मोबाईलवर एक मेसेज आला होता: मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचं लिक्विड एकत्र करून ओता. सगळं घरातलंच, म्हणून निर्धास्तपणे बादलीभर ओतलं. सकाळी फुलं तोडायला गेले तर मातीवर पंधरा-वीस गांडुळं आखडून पडलेली. शेजारच्या बेन म्हणाल्या, "अरे बेन, आ तो अळसियां छे, बिचारां मरी गयां!" पुढे महिन्याभरात हरळी परत फुटली आणि जास्वंदीची पानं कडेनं करपली. देवाला फुलं हवीत म्हणून, ज्यांच्यामुळे माती जिवंत राहते त्यांनाच मी मारलं. फार लागलं मनाला.

*असं का झालं?*
गांडुळाला फुप्फुसं नसतात, ओलसर कातडीतूनच ते श्वास घेतं. मीठ लागलं की अंगातलं पाणी ओढलं जातं. मीठ मातीतही राहतं आणि झाडाच्या मुळांना पाणी घेऊ देत नाही. व्हिनेगरने वरची पानं जळतात, हरळीचं मूळ तसंच राहतं.

*गांडूळ काय करतं?*
कुजलेला पाला आणि माती खाऊन कसदार विष्ठा टाकतं, बिळं करून हवा-पाणी मुळांपर्यंत पोचवतं. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी त्यांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशोब होता. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे उंबरगावजवळच्या देहरीचे भास्कर सावे. आधी रासायनिक खतं वापरणारे सावे नैसर्गिक शेतीकडे वळले. 'कल्पवृक्ष' वाडीत त्यांनी नांगरणीचं काम गांडुळांवर सोपवलं. 2015 साली ते गेले.

एक गैरसमज मात्र काढा. गांडूळ उभं तण खात नाही. तण आपणच आवरायचं, पण गांडूळ जगेल अशा रीतीने.

*काय करायचं?*
1️⃣ पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना, तण हाताने मुळासकट उपटा. फूल-बी धरायच्या आत.
2️⃣ खोल खणू नका. खणलं की गांडुळं कापली जातात आणि खाली झोपलेलं तणाचं बी उजेडात येऊन उगवतं. खुरपं वरवर चालवा.
3️⃣ मोकळ्या मातीवर चार बोटं जाडीचा सुका पाला पसरा. खाली उजेड नाही तर बी उगवणार नाही, आणि तोच पाला गांडुळांचं जेवण. झाडाच्या बुंध्यापासून मात्र चार बोटं लांब ठेवा, नाहीतर खोड सडतं.
4️⃣ गोणपाट चालेल. आपल्या भागात मिलची चिंधी फुकट मिळते, पण पॉलिस्टर कुजत नाही, ती नको.
5️⃣ हरळीचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी वाफ्यात टाकू नका, परत रुजतात. उन्हात कडक वाळवा. चांगली कोवळी हरळी आधी दूर्वांसाठी काढून घ्या!
6️⃣ गाजर गवत उपटताना हातमोजे घाला. कुणाकुणाच्या अंगाला खाज सुटते.

गांडुळं विकत आणून वाफ्यात सोडू नका. खताच्या बेडवरची जात शेण-कचऱ्यात राहणारी, साध्या मातीत ती टिकत नाही. ओल आणि पाला असला की इथली गांडुळं आपोआप येतात.

*या रविवारची सेवा*
मुलांना सोबत घ्या. ओल्या वाफ्यात वीतभर लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा हाताने करा. गांडुळं मोजा, परत मातीत ठेवा, वर पाला घाला. आकडा ग्रुपवर टाका. शून्य आला तरी टाका, लाजू नका.

माझा आकडा आजच लिहिते. पाला घातलेल्या बाजूला सहा. मीठ ओतलेल्या कोपऱ्यात अजून एकच.

जय गुरुदेव 🙏🌺