अवधूताची मधमाशी आणि आपला माळा



अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा दत्तभक्तांना नव्याने सांगायला नको. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, ती आहे. यदुराजाला एक तरुण, निश्चिंत अवधूत भेटतो. राजा विचारतो की जवळ काहीही नसताना हा आनंद आला कुठून? तेव्हा अवधूत पृथ्वीपासून सुरुवात करून आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयच, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा. याच स्कंधावर नाथमहाराजांनी अठरा हजारांवर ओव्यांची टीका केली आणि ती काशीत १५७३ साली पूर्ण झाली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी मूळचे आपल्याच चाळीसगावचे आणि दत्तोपासक, त्यामुळे या ग्रंथाशी खानदेशाचा जुना घरोबा आहे. रात्रभर दिवा लावून हिशोबातली एका पैची चूक शोधणारे एकनाथ तर आम्हा बँकवाल्यांच्या विशेष जिव्हाळ्याचे. मार्चअखेरीला ताळा जुळेना की कोणी ना कोणी ती गोष्ट काढायचेच!

चोवीसांपैकी चारच गुरू आज अभ्यासाला घेऊ. मधमाशी, मध काढून नेणारा, कुरर पक्षी आणि कुमारी. जवळ किती ठेवावे, या एकाच प्रश्नाकडे हे चौघे मला नेतात. सोने आणि जमीन यांवर कीर्तनकार पुष्कळ बोलले आहेत, ते मी सोडून देतो. माझा विषय साधा आहे. ताटे-वाट्या, न नेसलेल्या साड्या, आहेरातले टॉवेल-टोपी, मिठाईचे रिकामे डबे, पिशव्यांनी भरलेली पिशवी, संपलेल्या मुदतीच्या गोळ्या. आणि हो, देवांचे फोटो. त्याकडे शेवटी येतो.

मधमाशीचा धडा भागवताने भिक्षूला उद्देशून सांगितला आहे, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. भिक्षूने हाताचेच पात्र करावे, पोटालाच कोठी समजावे, संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी राखून ठेवू नये, नाहीतर मधमाशीसारखा साठ्यासकट नाश होतो, असा त्याचा भाव. आता हा नियम गृहस्थाने जसाच्या तसा उचलला तर पावसाळ्यात चूल पेटायची नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दादर, गहू, तुरीची डाळ भरून ठेवतात. गच्चीवर पापड, कुरडया, शेवया, बिबडे वाळत पडतात. मिरची कुटून होते. हा संग्रह झाला का? माझ्या मते नाही. याला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे बेगमी.

बेगमीला माप असते, मुदत असते आणि खाणारा ठरलेला असतो. दादर किती लागेल ते घरातली तोंडे मोजून ठरवायचे. ती पुढचा हंगाम येईपर्यंत पुरवायची. नवे धान्य आले की कणगीतले जुने आधी काढायचे. कॉमर्सला आम्हाला 'आधी आलेला माल आधी बाहेर' ही पद्धत मोठ्या पुस्तकातून शिकवली. आमच्या आयांना ती शाळेत न जाता येत होती. ज्या वस्तूला माप नाही, मुदत नाही आणि वापरणारा कोण तेही ठाऊक नाही, तो संग्रह. ही कसोटी लावून माळ्यावर चढावे. म्हणजे स्वतः चढू नये, या वयात स्टूलावरून पडून खुब्याचे हाड मोडून घेण्यात अर्थ नाही. कोणाला तरी चढवावे आणि आपण खाली बसून पाहावे.

पहिल्यांदा निघते ते स्टील. आमच्या लहानपणी घरात तांब्या-पितळ होते. त्याला कल्हई लागायची, चिंचेने घासावे लागायचे. मग स्टील आले आणि पितळ मोडीत देऊन लोकांनी स्टील घेतले. स्टीलला ना कल्हई ना मोड, ते संपतच नाही. लग्नात आले, वास्तुशांतीत आले, हळदीकुंकवात आले, सत्यनारायणाला आले. त्यावर मशिनने नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' कोरलेले. एखाद्या घरची भांडी उपडी करून वाचली तर त्या घराचा पन्नास वर्षांचा आहेराचा खतावणीसारखा हिशोब मिळेल. पूर्वी याचा उपयोग होता, कारण पंगत घरात बसायची. आता लग्न मंगल कार्यालयात होते, भांडी केटररची असतात, वाढपीही त्याचेच. घरात माणसे दोन आणि ताटे चाळीस.

कपड्यांचीही तीच गत. पूर्वी सुती लुगडे विरायचे, मग त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पोतेरे. वस्तू आपल्या पायांनी घराबाहेर जायची. आता आहेरात येतात त्या साड्या बहुतेक सिंथेटिक. त्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, गोधडीलाही चांगल्या लागत नाहीत. ब्लाउजपीस तर बहुधा शिवण्यासाठी नसतातच. ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत असतात आणि कधी कधी तीन वर्षांनी आपलाच पीस आपल्याला परत मिळतो. टॉवेल-टोपीचे तेच. गांधी टोपी घालणारे गावात बोटांवर मोजण्याइतके राहिले, टोप्यांची देवघेव मात्र चालूच आहे. अलीकडे काही पत्रिकांवर 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असे छापतात. ते मला पटते. वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही.

एवढे साठते का? लोभ म्हणून आपल्या पिढीला झोडपणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगेत मिलोसाठी उभे राहिले, त्यांना सुतळीचा तुकडाही टाकवत नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणतात ना, "ऱ्हाऊ दे, कामले ई." हे वाक्य तेव्हा खरे होते. वस्तू कमी होत्या आणि प्रत्येक वस्तू खरोखरच कामाला यायची. आज वस्तू येण्याचा वेग बदलला, वाक्य तेच राहिले. पिशव्यांचे बघा. राज्यात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कापडी पिशव्या घेतल्या. आता प्रत्येक दुकान आणि प्रत्येक कार्यक्रम कापडी पिशवी देतो, आणि दाराच्या मागे प्लास्टिकच्या जागी कापडाचे गाठोडे लटकते. औषधांच्या बाबतीत मात्र "कामले ई" म्हणणे धोक्याचे. मुदत संपलेली गोळी आणि चालू गोळी एकाच डब्यात, त्यात चष्मा सापडत नाही. हा डबा इतर सगळ्यांच्या आधी तपासावा.

आता दुसरा गुरू, मधुहा. माशा कष्टाने मध जमवतात, स्वतः खात नाहीत, कोणाला देतही नाहीत आणि मग कोणी तिसराच येऊन घेऊन जातो. नोकरीच्या काळात हा गुरू मला काउंटरच्या आतून रोज दिसत असे. खात्यात दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय धरले जाते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. हा निधी २०१४ पासून आहे. वारसाला पुढेही बँकेमार्फत पैसे मागता येतात, आणि २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या संकेतस्थळावर अशा ठेवी नावावरून शोधताही येतात. पण त्यासाठी मुळात खाते होते हे वारसाला माहीत असायला हवे ना! पावती तांदळाच्या डब्यात, डबा माळ्यावर आणि मुलगा पुण्याला. अशी किती पोळी लटकत असतील.

पैशाला निदान निधी तरी आहे, भांड्याकुंड्यांना तोही नाही. हे आपल्या गल्लीबोळांत आता वारंवार दिसते. मुले नाशिक, पुणे, सुरतेला दोन खोल्यांच्या फ्लॅटात असतात. आई-वडील गेले की ती तेराव्यापर्यंत राहतात. रजा संपत आलेली असते. चौदाव्या दिवशी घर उघडून भंगारवाल्याची गाडी बोलावली जाते आणि आईने चाळीस वर्षे पुसून ठेवलेले सगळे किलोवर जाते. मुलांना यात दोष देऊ नये. कोणत्या डब्यात आजीची नथ आहे आणि कोणत्या डब्यात नुसते बूच आहेत, हे त्यांना कोण सांगणार? त्या गाडीवर कचऱ्याबरोबर कधी कधी आठवणीही चढतात, कारण दोन्ही एकाच पोत्यात बांधलेले असते. मला यातच खरे नुकसान दिसते. फार साठवले म्हणून जे जपायचे तेही हरवले.

इथे गुरुचरित्राचा अठरावा अध्याय आठवतो. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल. भिक्षा मिळाली नाही की त्याच्या शेंगांवर घर चाले. श्रीनृसिंहसरस्वती भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना तो वेल मुळासकट उपटून गेले. बाई रडू लागली, ब्राह्मणाने तिची समजूत घातली, आणि पुढे वेलाचे मूळ खणताना द्रव्याने भरलेला घडा लागला. या कथेचा अर्थ 'आहे ते टाका, सोने मिळेल' असा कोणी काढू नये, गुरुकृपा म्हणजे सोडत नव्हे. मला प्रत्येक पारायणात दुसराच प्रश्न पडतो. तो घडा पुरला कोणी? त्यानेही कामाला येईल म्हणूनच पुरला असणार. त्याच्या नावाची खूणसुद्धा राहिली नाही.

कुरर पक्ष्याबद्दल थोडक्यात. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. त्याने तो सोडला आणि तो सुखी झाला. ज्यांनी भावाभावांच्या वाटण्या पाहिल्या आहेत, त्यांना उदाहरण नको. शेताचा बांध समजुतीने सुटतो आणि एका पितळी घंगाळावरून दोन घरे वीस वर्षे बोलत नाहीत.

कुमारीची कथा मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. घरची मोठी माणसे बाहेर गेलेली आणि मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांच्यासाठी ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. आपणच कांडतो आहोत हे बाहेर कळेल, याची तिला लाज वाटली. तिने एकेक बांगडी काढून टाकली, हातात दोन-दोन ठेवल्या, तरी आवाज होई. मग एकेकच ठेवली आणि आवाज थांबला. भागवतात हा धडा संगतीविषयी आहे. पुष्कळ जण एकत्र राहिले की कलह आणि दोघे राहिले की गप्पा, म्हणून साधकाने एकटे राहावे. वस्तूंना तो लावणे ही माझी जोड आहे, अभ्यासकांनी तसेच समजावे. पण मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिने हात मोकळे केले नाहीत. ती कुमारी होती, संसाराला लागणार होती. प्रत्येक हातात एक बांगडी राहिली.

म्हणून गृहस्थाला सगळे वाटून झोळी घ्या असे कोणी सांगत नाही. दत्तमहाराजांची गोष्ट वेगळी. निद्रा माहूरला आणि भिक्षा कोल्हापूरला, त्यांना माळा कशाला? आपण दोघांच्या घरात सहा-आठ ताटे ठेवावीत, पाहुण्यांसाठी दोन चांगल्या चादरी, आईची एखादी लोटी. लोटीवर कोरलेले नाव मुलांना वाचून दाखवावे. बाकीचे आपण धडधाकट असतानाच आपल्या हाताने द्यावे, आणि घेणाऱ्याला विचारून द्यावे. विटलेली साडी देऊन दान केले असे मिरवू नये. ठेवींच्या आणि विम्याच्या कागदांची एक यादी एका वहीत लिहून ती वही कुठे आहे ते दोघांना सांगावे. वारसाचे नाव लावले आहे का तेही पासबुक घेऊन जाऊन पाहावे.

राहिले देवांचे फोटो. गाणगापूरला गेलो, एक फोटो. नरसोबाची वाडी, एक फोटो. अक्कलकोट, गिरनार, पिठापूर, प्रत्येक ठिकाणची तसबीर, माळ, भस्माची पुडी. शिवाय दरवर्षीचे कॅलेंडर. देवघरात जागा उरली नाही की जुन्या तसबिरी गुपचूप औदुंबराखाली किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून लोक निघून जातात. काच फुटते, कागद भिजतो, कुत्री फिरतात. आपल्या घरात जी विटंबना होऊ नये म्हणून काढली, तीच तिथे होते. बोरी नदीच्या पात्रात सोडल्यानेही भागत नाही, त्या काचा कोणाच्या तरी पायात जातात. त्यापेक्षा चौकट आणि काच वेगळी काढावी, कागदाची तसबीर नमस्कार करून घरीच पाण्यात भिजवावी आणि तो लगदा तुळशीच्या किंवा झाडाच्या मातीत मिसळावा. धातूची मूर्ती मंदिरात द्यायची तर आधी विश्वस्तांना विचारावे. मंदिराचा गाभारा हा काही गावाचा माळा नाही.

पोथ्यांचेही तसेच. एकेका घरात गुरुचरित्राच्या तीन-तीन प्रती निघतात, एक आजोबांची, एक वाचनातली आणि एक कोणी उद्यापनाला दिलेली. मार्गशीर्षातल्या सप्ताहाला मंदिरात बसणाऱ्या नव्या वाचकांपैकी एखाद्याला पोथी हवी असते. बासनात बांधलेली तिसरी प्रत यंदा पौर्णिमेच्या आठ दिवस आधीच आणून द्यावी. पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव लिहिलेले असेल तर ते खोडू नये.