वॉर्निंग कुणी दिली, कितव्यांदा दिली?

बास्केटबॉलच्या मैदानावर दोन बेंचच्या मधोमध टेबल असतं. स्कोअरर म्हणून तिथं बसलं की पंचांपर्यंत न पोचणारं बरंच काही कानावर येतं. एका जिल्हा स्पर्धेत सोळा वर्षांखालील मुलींच्या सामन्याला मी असाच स्कोअर लिहीत होते. पुढे स्वतः शिट्टी हातात घेतली तेव्हा कोचशी कसं वागायचं, हे मी त्या सामन्यावरून ठरवलं.

एका बेंचवर तरुण मॅडम होत्या. आवाज खणखणीत, हातवारे मोठे. दुसऱ्या बेंचवर ज्येष्ठ सर. तिन्ही पंच लहानपणी त्यांच्याच हाताखाली खेळलेले. पहिल्या क्वार्टरमध्ये एका पंचानं धावता धावता मॅडमना म्हटलं, "मॅडम, जरा शांत." दुसऱ्या क्वार्टरमध्ये तेच दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यात तिसऱ्यानं. एकमेकांना मात्र कुणीच सांगितलं नाही. प्रत्येक पंचाच्या हिशेबात ती पहिली वॉर्निंग होती. मॅडमच्या हिशेबात एकही नव्हती, कारण तीनदा सांगूनही पुढे काही झालं नव्हतं. सर मात्र खुर्चीतून हलले नाहीत. पंच समोरून गेला की खालच्या आवाजात एखादं वाक्य सोडायचे. "बाळा, दोन्हीकडं सारखं बघ हं." "तुला मी हेच शिकवलं का रे?" मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि पंचांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांनाही येतोय.

शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत. मॅडम ओरडल्या, "अहो, ट्रॅव्हल आहे तो!" असं त्या पहिल्या क्वार्टरपासून ओरडत होत्या. या वेळी मात्र शिट्टी वाजली आणि पंचानं तळहातांनी टी केला, म्हणजे टेक्निकल फाउल. स्कोअरशीटवर पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईनं लिहितात, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. मॅडमच्या नावापुढं मी निळ्या शाईनं 'सी-१' लिहिलं. सबंध शीटवर वागणुकीची तेवढीच एक नोंद. समोरच्या संघानं फ्री थ्रो टाकला आणि सामना त्या एका गुणानं गेला. हरलेल्या संघाला शीटची पिवळी प्रत मिळते. ती न्यायला आलेल्या कॅप्टननं विचारलं, "ताई, चुकत होतं तर आधी का नाही दिला?"

टेक्निकल नियमात बसत होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी त्या मुलीचा प्रश्न रास्त होता. कोचला काय चालेल आणि काय नाही, हे पंचांनी तीस मिनिटं एका पद्धतीनं सांगितलं आणि अखेरीस दुसऱ्याच पद्धतीनं.

म्हणून नव्या पंचांना माझं पहिलं सांगणं असं, की वॉर्निंग ही एका पंचाची नसते, सगळ्यांची असते. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांच्या स्पष्टीकरणात हे चांगलं मांडलेलं आहे. एखाद्या खेळाडूला दिलेली वॉर्निंग त्याच्या कोचलाही कळवायची, तशाच वागण्यासाठी ती उरलेल्या सामन्यात सगळ्या संघाला लागू होते, आणि द्यायची ती बॉल डेड असताना, घड्याळ थांबलेलं असताना. धावता धावता पुटपुटलेलं 'जरा शांत' वॉर्निंगमध्ये मोडत नाही. घड्याळ थांबू द्या, कोचजवळ जा, नेमकं काय बंद करायचं ते एका वाक्यात सांगा आणि परत फिरताना सहकाऱ्यांना कळवा: "निळ्या बेंचला दिली, हातवाऱ्यांसाठी." मध्यंतरात टेबललाही विचारा, बेंचवर काय चाललंय. टेबलवरची मंडळी स्वतःहून बोलत नाहीत. विचारलं तर नेमकं सांगतात.

१९८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे कोच बॉब नाइट यांनी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात मैदानावर खुर्ची भिरकावली होती. पंचांच्या वर्गात तो व्हिडिओ आवर्जून दाखवतात. मला तो फारसा उपयोगी वाटत नाही. खुर्ची आली की निर्णय कुणालाही घेता येतो. कस लागतो तो खुर्चीत बसून हळू बोलणाऱ्या माणसापुढं. 'दोन्हीकडं सारखं बघ' म्हणजे पंच पक्षपाती आहे असंच म्हणणं, मग ते कितीही प्रेमानं म्हटलेलं असो. 'ट्रॅव्हल आहे' ही खेळाबद्दलची तक्रार आहे. पहिलं वाक्य जास्त गंभीर, पण आपण शिक्षा करतो दुसऱ्याला, कारण ते मोठ्यानं आलं. त्यातून बोलणारी बाई असेल तर 'किती ओरडते' हा शेरा आपल्या मनात आधीच तयार असतो. हे मी टेबलवर बसून अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी मला त्याचा राग आलाय.

सामन्याआधीच्या बैठकीत पंचांनी रोटेशनबद्दल बोलावंच, पण पाच मिनिटं बेंचसाठीही ठेवावीत. प्रश्न आला तर थोडक्यात उत्तर द्यायचं. एखादा उद्गार सोडून द्यायचा. तोच तो येत राहिला तर वॉर्निंग. प्रामाणिकपणावर बोट ठेवलं, शिवी दिली किंवा प्रेक्षकांना चिथावलं तर वॉर्निंगची पायरी नाही, सरळ टेक्निकल. उभं कोण राहतंय तेही पहिल्या मिनिटापासून बघायचं. नियमानं मुख्य कोच किंवा पहिला सहायक, एका वेळी एकच. पहिल्या क्वार्टरमध्ये दोघांना उभं राहू दिलंत, तर चौथ्यात बसा म्हणताना तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

आपल्याकडं बास्केटबॉलचं जग लहान आहे. ज्या सरांनी लेअप शिकवला, त्यांच्याच सामन्याला आपण पंच म्हणून उभे असतो. अशा वेळी शक्य असेल तर नेमणूक करणाऱ्याला आधीच सांगावं. बदली होणार नसेल तर सामन्यापूर्वी सरांना नमस्कार करावा, आणि बॉल उडाल्यावर त्यांच्याही वाक्याला तेच माप लावावं. 'सर' म्हणूनच टेक्निकल देता येतो. मी दिलाय.

टेक्निकल देताना कोचकडं रोखून बघू नका, त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. खूण करा, टेबलला कळवा, बाजूला व्हा. कोच चिडलेला असतो, तेव्हा जवळ जायचं असेल तर ज्यानं शिट्टी मारली त्यानं जाऊ नये, सहकाऱ्यानं जावं. दुसऱ्या 'सी' ला कोच बाहेर जातो, म्हणून पहिल्यानंतर पंचही घाबरतात. मग समोरच्या बेंचला एक देऊन हिशेब जुळवायचा मोह होतो. तसला टेक्निकल दोन्ही संघांना लगेच ओळखू येतो. आणि ज्याला दिला, त्या कोचनं पुढच्या डेड बॉलला नियमाबद्दल सरळ विचारलं तर मागचं काही मनात न ठेवता सांगा. उरलेला सामना त्याला आपल्या मुलींना खेळवायचं असतं.