गॅरेजातलं सुतारकाम आणि रविवार रात्रीचा खोकला

एका वाचकांचं पत्र आलंय : ‘निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू केलं. टेबल सॉ, राउटर, सँडर घेतले. आता डस्ट कलेक्टर घ्यायचाय. १ एचपीचा पुरेल की २ चा? आणि हल्ली रात्री कोरडा खोकला येतो, त्यावर सिरप सुचवा.’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून मशिनच्या भानगडीत मी नाक खुपसतोय. लाकडाच्या धुळीचा दमा बऱ्याचदा काम आटोपल्यावर चार ते आठ तासांनी उठतो. कारखान्यातल्या सुताराला सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, कामावर गेला की त्रास सुरू. या वेळापत्रकावरूनच आम्हा डॉक्टरांना संशय येतो. हौशी माणसाचं उलटं. त्याची मशिनं सुट्टीत चालतात आणि खोकला रविवारी रात्री. मग ‘हवा बदलली’ म्हणून तो सोडून देतो. सागवान आणि शिसवीची धूळ काहींच्या कातडीलाही सोसत नाही. एमडीएफमध्ये तर बहुधा फॉर्मल्डिहाइडचा चिकटा असतो.

इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या बनवणारं गाव. तिथल्या नाक-कान-घसा सर्जन एस्मे हॅडफील्ड यांना १९६० च्या दशकात फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या पोकळीचा, एरवी दुर्मीळ असलेला कॅन्सर वरचेवर दिसू लागला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातली. अर्थात, ते कारागीर वर्षानुवर्षं रोज त्या धुळीत उभे होते. तुम्ही घाबरू नका, पण कलेक्टर निवडताना हे लक्षात असू द्या.

कारण दुकानदार तुम्हाला भुसा उचलणारं मशिन विकतो. भुसा जमिनीवर पडतो, झाडून निघतो. छातीत उतरते ती १० मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. माझ्याही गच्चीवरच्या खोलीत १ एचपीचा, कापडी पिशवीचा कलेक्टर होता. एका संध्याकाळी काम संपवून दिवा घालवला आणि टॉर्च आडवा धरला. फरशी लख्ख, आणि झोतात पिठाच्या गिरणीसारखा धुरळा. अर्ध्या तासाने पाहिलं तरी तो तरंगतच होता. जाड विणीच्या पिशवीतून बारीक धूळ गाळून माझ्याच तोंडासमोर सोडली जात होती. तो कलेक्टर आता माळ्यावर धूळ खात पडलाय. कामावर असताना खाल्ली नाही तेवढी.

आता हिशेब. एचपी बाजूला ठेवा आणि सीएफएम विचारा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते. खोक्यावरचा आकडा बहुधा पाइप न जोडता, कोऱ्या फिल्टरवर मोजलेला असतो. प्रत्यक्षात कधी कधी निम्माच मिळतो. ढलप्या पाइपात अडकू नयेत म्हणून हवेचा वेग मिनिटाला साधारण ४,००० फूट लागतो. त्या वेगाने ४ इंची पाइपातून ३५० सीएफएम जातात, ६ इंचीतून सुमारे ७८५. टेबल सॉचा भुसा उचलायला ३५० पुरतात. बारीक धूळ उडण्याआधीच पकडायची तर ८०० च्या आसपास हवेत, तेही पात्याच्या खालून आणि वरून.

म्हणून १ एचपी नको. २ एचपी किमान, जमल्यास ३. मात्र ३ साठी घरचा मंजूर वीजभार वायरमनकडून तपासून घ्या. मुख्य पाइप ६ इंची ठेवा. सांडपाण्याचा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चालतो. सॉचं तोंड ४ इंची असेल, तर ६ इंची पाइप जोडून काही साधत नाही. शेवटी ४ इंचाच्या दोन फांद्या काढा, एक खाली, एक पात्याच्या वर. काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशाचे दोन लावा आणि कोरुगेटेड नळी हातभरच ठेवा. दम्यात श्वासनलिका थोडीशीच आखडते आणि माणूस धापा टाकतो. पंख्याचंही तसंच होतं. फिल्टर १ मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक घ्या. हवा बाहेर सोडणार असाल तर आत येणाऱ्या हवेलाही वाट ठेवा, आणि शेजारच्या काकूंचे पापड कुठे वाळतात ते आधी बघा!

सँडर या कलेक्टरला जोडू नका. त्याच्या बारक्या नळीला जोरकस ओढ लागते, ती हेपा फिल्टरवाल्या व्हॅक्यूम क्लीनरची. सगळ्यात बारीक धूळ सँडरच करतो, तेव्हा बजेट अपुरं असेल तर खरेदी इथून सुरू करा. १० बाय १५ ची, ९ फूट उंचीची खोली म्हणजे १,३५० घनफूट. ती हवा तासाला आठदा गाळायला छताजवळ १८० सीएफएमचा एअर क्लीनर पुरेल. पण तो मागाहून आवराआवर करणारा, कलेक्टरची जागा घेणारा नव्हे. एन-९५ मास्क मशिन बंद झाल्यावरही अर्धा तास राहू द्या. केरसुणी नको.

सिरप मी देणार नाही. श्वास सोडण्याचा वेग मोजणारा पीक फ्लो मीटर घ्या, दोन आठवडे दिवसातून चारदा फुंका, आकडे वहीत लिहा. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल किंवा ती सतत चोंदलेली असेल, तर थांबू नका, नाक-कान-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. नसेल, तर वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. गॅरेज उघडलं त्या दिवसांवर लाल खूण करून.