मोकळी जागा : नोंदीतली आणि प्रत्यक्षातली

वसतिगृहात राहून शिकलेल्यांना हजेरीपट आणि खाट यांचा संबंध वेगळा सांगावा लागत नाही. एखादा विद्यार्थी शाळा सोडून गेला आणि वर्गशिक्षकांनी हजेरीपटातील त्याच्या नावावर रेघ ओढली, पण वसतिगृहाच्या अधीक्षकांना कोणी कळवलेच नाही, तर काय होईल? वर्गात जागा रिकामी दिसेल. वसतिगृहात मात्र खाट त्याच्याच नावावर अडकून राहील. दाराशी आलेल्या नव्या विद्यार्थ्याला 'खाट शिल्लक नाही' असे उत्तर मिळेल. बँका, रुग्णालये, विद्यापीठे यांची माहिती सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकीय साठवण यंत्रणांत नेमकी हीच अडचण उद्भवते. तिचे स्वरूप आणि तिच्यावरील उपाय समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वी प्रत्येक सर्व्हरला लागेल तेवढी जागा आरंभीच कायमची तोडून दिली जाई. 10 टेराबाइट मागणाऱ्याने 2 टेराबाइटच वापरले, तरी उरलेले 8 टेराबाइट दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसत. हा अपव्यय टाळण्यासाठी 'थिन प्रोव्हिजनिंग' ही पद्धत आली. तीत सर्व्हरला 10 टेराबाइटची डिस्क दिसते, परंतु प्रत्यक्ष जागा तो जसजसे लिहीत जाईल तसतशी सामायिक साठ्यातून दिली जाते. म्हणजे प्रवेश मंजूर झाला तरी खाट मात्र विद्यार्थी आल्यावरच मिळते. त्यामुळे हाती असलेल्या जागेपेक्षा अधिक जागेचे वचन देता येते.

अडचण सुरू होते ती पुसण्यापासून. आपण फाइल पुसतो, तेव्हा फाइल प्रणाली केवळ आपल्या नोंदवहीत 'ही जागा आता मोकळी' असे लिहिते. ती नोंद साठवण यंत्रणेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. यंत्रणेला एवढेच ठाऊक असते की या ठिकाणी एकदा काहीतरी लिहिले गेले होते; म्हणून ती जागा ती राखून ठेवते.

एक काल्पनिक हिशेब पाहू. सामायिक साठा 100 टेराबाइटचा आहे आणि 20 सर्व्हरना प्रत्येकी 10 टेराबाइट, असे एकूण 200 टेराबाइटचे वचन दिले आहे. त्यांपैकी 10 सर्व्हरनी प्रत्येकी 8 टेराबाइट लिहिले आणि नंतर 5 टेराबाइट पुसले. त्यांच्या नोंदीत वापर 30 टेराबाइट दिसतो. साठ्यातून मात्र 80 टेराबाइट गेलेले असतात. उरलेल्या 10 सर्व्हरनी काटकसरीने प्रत्येकी 2 टेराबाइटच वापरले, तरी 100 टेराबाइटचा साठा संपतो. नवी जागा मागणारे प्रत्येक लेखन आता अयशस्वी होते. माहितीसंच बंद पडतात, आणि त्यात ज्यांनी काहीही वाया घालवले नाही असे सर्व्हरही सापडतात. साठा सामायिक असल्यामुळे एकाच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड सर्वांना पडतो.

यावरचा उपाय म्हणजे अधीक्षकांकडे चिठ्ठी पाठवणे. स्कझी प्रमाणात या चिठ्ठीला 'अनमॅप' म्हणतात; एटीए डिस्कसाठी तिचेच भावंड 'ट्रिम' होय. अमुक ठिकाणची जागा आता नको, असे या आज्ञेने कळले की यंत्रणा ती साठ्यात परत घेते. लिनक्समध्ये 'एफएसट्रिम' ही आज्ञा हे काम करते. अनेक ठिकाणी ती आठवड्यातून एकदा आपोआप चालवली जाते. विंडोज सर्व्हरमध्ये 2012 च्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

चिठ्ठी केव्हा पाठवावी, यालाही महत्त्व आहे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर 5.0 या 2011 मधील आवृत्तीत पुसताक्षणीच जागा परत करण्याची व्यवस्था होती. तिचा भार काही यंत्रणांना पेलवेना, कामे रेंगाळू लागली आणि ती बंद ठेवण्याचा सल्ला कंपनीला द्यावा लागला. त्यानंतर प्रशासकाने सवडीने, स्वतः आज्ञा देऊन जागा परत करावी, अशी रीत पडली. 2016 मधील 6.5 आवृत्तीत हे काम पुन्हा आपोआप होऊ लागले, पण पार्श्वभूमीवर आणि संथ गतीने.

आभासी सर्व्हर असतील तर ही चिठ्ठी तीन दारांतून जावी लागते. आतील फाइल प्रणालीने आभासी डिस्कला, आभासी डिस्कच्या व्यवस्थेने तिच्याखालील साठ्याला आणि तिथून साठवण यंत्रणेला निरोप पोहोचला पाहिजे. एकही दार बंद असेल तर निरोप तिथेच थांबतो. म्हणून आज्ञा दिली एवढ्यावर समाधान मानू नये. आज्ञेपूर्वीचा आणि नंतरचा वापर खुद्द साठवण यंत्रणेच्या अहवालात ताडून पाहावा.

आणखी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली, जुना स्नॅपशॉट त्या जागेला धरून बसला असेल, तर तो काढल्याशिवाय जागा सुटत नाही. दुसरी, मोकळ्या जागेत शून्ये लिहून ती परत मिळवण्याची जुनी युक्ती शून्ये ओळखणाऱ्या यंत्रणेतच फळते. अन्यत्र तीच शून्ये नवी जागा खातात आणि भरत आलेला साठा पुरता भरून टाकतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जागा एकदा परत गेली की पुसलेली माहिती त्या डिस्कवरून परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. म्हणून आधी राखीव प्रत तपासावी, मगच आज्ञा द्यावी.

साठा 70-80 टक्क्यांपर्यंत पोहोचताच इशारा मिळेल अशी व्यवस्था करणे आणि जागा परत करण्याचे काम ठरलेल्या वेळापत्रकात बसवणे, ही जबाबदार प्रशासकाची खूण होय. आपल्या नोंदवहीत रेघ ओढली म्हणजे काम संपले, असे समजणे ही या विषयातील मूळ चूक आहे. ज्याच्याकडून जागा घेतली, त्याला ती परत केल्याचे कळवले आणि ती त्याच्या हाती पोहोचल्याची खात्री करून घेतली, तरच ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते.