झाकणांचे मणी आणि कानाची खाज

प्रश्न : बाटल्यांच्या झाकणांचे मणी करून मी कानातली बनवते. ती घालून भाचीच्या कानाला खाज सुटली, पाणीही आलं. जुनं प्लॅस्टिक बाधलं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मण्यांवर आळ घेण्याआधी आकडा तपासा. मणी खाली लोंबतो. भोकातून जातो तो आकडा. स्वस्त आकड्यांत पुष्कळदा निकेल असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. टायटॅनियमचे आकडे वापरा, पण कान पूर्ण बरा झाल्यावरच. सूज किंवा पू असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

खरी काळजी मणी घालताना नाही, करताना घ्यायची. झाकणं बहुधा एचडीपीई (त्रिकोणात २) किंवा पॉलिप्रॉपिलीनची (५) असतात. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतं. दोन्ही एकत्र वितळवू नका, मणी तडकतात. धूर दिसला की ताप जास्त झाला समजा. गॅसच्या ज्योतीवर नको, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तर मुळीच नको. ३ खुणेचं पीव्हीसी कधीच तापवू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो. बिनखुणेचं प्लॅस्टिक सरळ बाजूला ठेवा.

एवढा व्याप नको असेल, तर धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या काडीवर गुंडाळून टोक दोऱ्याने बांधा. छान दिसतात!