हेविझचे ऊन सरोवर

राजापूरजवळ उन्हाळे आहे, दापोली तालुक्यात उन्हवरे आहे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव आहे. या तिन्ही नावांत ‘ऊन’ हा शब्द आला आहे. पण तो सूर्याच्या तापाचा नव्हे, तर जमिनीतून निघणाऱ्या ऊन पाण्याचा वाचक आहे. आपल्या पूर्वजांनी जागेचा गुण पाहिला आणि तोच तिच्या नावात घातला. युरोप खंडाच्या मध्यभागी वसलेल्या हंगेरी देशातील लोकांनीही नेमके असेच केले. त्यांच्या भाषेत ‘हेव’ म्हणजे ऊन आणि ‘विझ’ म्हणजे पाणी. त्या देशाच्या पश्चिम भागातील एका लहानशा गावाचे नाव हेविझ असे आहे. गावची वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. परंतु तेथील सरोवरात स्नान करण्यासाठी दूरदूरच्या देशांतून माणसे येतात. आम्ही हे गाव पाहिले, आणि तेथे जे पाहिले व समजून घेतले ते विद्यार्थिमित्रांस सांगावे असे वाटले.

हेविझला आगगाडी जात नाही. राजधानी बुडापेस्ट येथून गाडीत बसावे, बालातोन सरोवराच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जावे, आणि सरोवराच्या टोकाशी केस्तहेय या गावी उतरून पुढचे सात-आठ किलोमीटर मोटारीने जावे, असा मार्ग आहे. बालातोन हे मध्य युरोपातील सर्वांत मोठे सरोवर. लांबी सत्याहत्तर किलोमीटर. खोली मात्र सरासरीने अवघी तीन मीटर. गाडीच्या खिडकीतून ते समुद्रासारखे दिसते, आणि काठावर पुष्कळ अंतरापर्यंत माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली दिसतात. हेविझचे सरोवर याच्या अगदी उलट आहे. विस्तार साडेचार हेक्टरांच्या आसपास, म्हणजे सुमारे अकरा एकर. आपल्याकडील एखाद्या मध्यम गावतळ्याएवढेच म्हणा ना! परंतु मध्यभागी, जेथे झरा फुटतो तेथे, त्याची खोली सुमारे अडतीस मीटर आहे. बारा मजली इमारत त्यात उभी बुडेल.

आम्ही गेलो तो ऑक्टोबरचा आरंभ होता. सकाळी हवेत चांगलाच गारठा होता आणि पाण्यावर वाफेचा पातळ पडदा पसरला होता. सरोवराच्या मधोमध खांबांवर उभारलेली लाकडी स्नानगृहे आहेत. झाकलेल्या पुलावरून तेथे जावयाचे आणि पायऱ्यांनी पाण्यात उतरावयाचे. पाय टेकावयास तळ नाही. म्हणून बहुतेक मंडळी हवा भरलेली कडी अंगाभोवती घेऊन तरंगत असतात, किंवा पाण्यातील दांड्यांना धरून स्वस्थ राहतात. पोहण्याची घाई कोणाला नाही, आरडाओरडा नाही. गंधकाचा अगदी मंद वास येतो. उन्हाळ्यात हे पाणी पस्तीस अंशांच्या वर जाते. कडक हिवाळ्यात, काठावर बर्फ पडलेले असतानाही, ते बावीस-तेवीस अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. फार वेळ पाण्यात राहू नये, अर्ध्या तासाने बाहेर यावे, असे तेथील वैद्य सांगतात.

संधिवात व पाठीचे विकार यांवर हे पाणी आणि तळाचा मऊ, काळसर गाळ गुणकारी मानला जातो. शेजारीच संधिवाताचे मोठे रुग्णालय आहे. तेथील मोल कारोय या डॉक्टरांनी १९५३ साली एक निराळीच पद्धत काढली. रुग्णास पाण्यात उभा लोंबता ठेवावयाचा, मानेला किंवा काखांना आधार द्यावयाचा, आणि कमरेला वा घोट्यांना वजने बांधावयाची. पाण्यामुळे शरीराचा भार हलका होतो, स्नायू सैल पडतात, आणि पाठीच्या कण्याला सावकाश ताण बसतो. (हंगेरीत आडनाव आधी व नाव नंतर लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे, मोल हे आडनाव होय.) सरोवराच्या पाण्याने सर्व रोग बरे होतात असे कोणी म्हटले तर आम्ही ते मान्य करणार नाही, परंतु दुखऱ्या सांध्यांना ऊन पाण्याने बरे वाटते, याचा अनुभव प्रत्येक घरातील आजीला आहेच.

या जागेची कीर्ती जुनी आहे. रोमन लोकांच्या वस्तीचे अवशेष गावच्या परिसरात सापडले आहेत. रोमचा सम्राट थिओडोसियस लहानपणी दुबळा होता व या पाण्याने तो सुदृढ झाला, अशी कथा तेथे सांगतात. सम्राट जन्मला स्पेनमध्ये, तेव्हा कथेला कथाच समजावे. इतिहासाची पक्की नोंद १७९५ सालची आहे. त्या वर्षी काउंट जॉर्ज फेश्तेतिच या जमीनदाराने तेथे स्नानाची सोय केली. याच गृहस्थाने १७९७ साली केस्तहेय येथे ‘गेऑर्गिकोन’ नावाचे शेतकी विद्यालय काढले. युरोपातील अगदी पहिल्या शेतकी विद्यालयांत त्याची गणना होते.

आता हे पाणी येते कोठून? जवळपास जागृत ज्वालामुखी नाही. पूर्वेकडच्या व ईशान्येकडच्या डोंगरांवर पडणारा पाऊस चुनखडी व डोलोमाइट या खडकांच्या भेगांतून खाली झिरपतो. हंगेरीखालील भूकवच बरेच पातळ आहे. सामान्यतः शंभर मीटर खाली गेले की उष्णता सुमारे तीन अंशांनी वाढते. हंगेरीत ती पाच अंशांच्या जवळपास वाढते. त्यामुळे खोल गेलेले पाणी तापते आणि वाट मिळेल तेथून वर येते. १९७५ साली इश्तवान प्लोझर हा पाणबुड्या सरोवराच्या तळाशी असलेल्या अरुंद तोंडातून आत शिरला, तेव्हा आत एक प्रशस्त गुहा आढळली. तिच्या एका बाजूने सुमारे चाळीस अंशांचे ऊन पाणी येते आणि दुसऱ्या बाजूने त्याहून बरेच थंड पाणी येते. दोन्ही गुहेतच मिसळतात आणि मग सरोवरात चढतात. या झऱ्यातून सेकंदाला सुमारे चारशे लिटर पाणी येते. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा : एका दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला ३ कोटी ४५ लाख लिटरांहून अधिक. इतक्या वेगाने सुमारे तीन दिवसांत सरोवराचे सारे पाणी बदलून जाते. जुने पाणी कालव्यावाटे वाहून जाते आणि अखेरीस बालातोनला मिळते.

पाण्यावर तरंगणारी तांबडी फुले पाहून मात्र आम्ही क्षणभर आपण परदेशात आहोत हे विसरलो. ती फुले मूळची आपल्याच देशाकडची. १८९८ साली केस्तहेयच्या विद्यालयातील प्राध्यापक लोवाशी शांदोर यांनी ही तांबडी जात हेविझच्या पाण्यात लावली. शास्त्रज्ञ तिला ‘निम्फिया रुब्रा’ म्हणतात. लोक तिला सरसकट कमळ म्हणतील, पण हे कमळ नव्हे, ही कुमुदिनी. कमळाचे पान पाण्याच्या वर उंच उठते आणि त्याला चीर नसते. कुमुदिनीचे पान पाण्यावर पसरते आणि देठापाशी चिरलेले असते. फूल रात्री उमलते आणि दिवस चढला की मिटते. आम्ही सकाळी लवकर गेलो म्हणून ते फुललेले पाहावयास मिळाले. युरोपच्या हिवाळ्यात उघड्यावर ही वेल तग धरते ती केवळ पाण्याच्या उबेमुळे. सरोवर थंड झाले तर ती जगावयाची नाही.

आणि सरोवर थंड होण्याची वेळ खरोखरच आली होती. हेविझपासून सुमारे तीस किलोमीटरवर नीराद नावाचे गाव आहे. तेथे जमिनीखाली बॉक्साइटचे साठे होते. बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम करतात. म्हणून त्याचे मोल मोठे. परंतु ते साठे चुनखडीतील पाण्याच्या पातळीखाली होते. खाणीत काम करावयाचे तर आधी पाणी उपसावयास हवे. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वर्षानुवर्षे, रात्रंदिवस, पंपांनी पाणी उपसले गेले. ते पाणी आणि हेविझचे पाणी एकाच भूमिगत भांडाराचे! एका टोकाशी उपसा वाढला तसा दुसऱ्या टोकाशी झरा आटू लागला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा प्रवाह पूर्वीच्या मानाने पुष्कळच घटला आणि पाण्याची ऊबही कमी होऊ लागली. जवळच्या तापोल्त्सा गावी गुहेतील प्रसिद्ध तळे तर आटूनच गेले. त्याच सुमारास, १९८६ साली, हेविझच्या सरोवरावरील लाकडी स्नानगृह आगीत जळाले. पण जळालेली इमारत पुन्हा बांधता येते, आटलेला झरा बांधता येत नाही.

खाण बंद करा, असे म्हणणे सोपे नव्हते. खाणीवर शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या आणि राष्ट्राला धातू हवा होता. दुसऱ्या बाजूस रुग्णालय, गाव आणि एकदा गमावले की परत न मिळणारे सरोवर. दोन्ही बाजूंस माणसेच होती, हे विसरून चालणार नाही. शास्त्रज्ञांनी उपशाची आणि झऱ्याची मापे शेजारी शेजारी मांडून दाखविली, वाद झाले, आणि शेवटी १९९० साली नीरादचा उपसा थांबविण्यात आला.

पंप थांबले म्हणून झरा दुसऱ्या दिवशी वाढला असे मात्र झाले नाही. रिकामे झालेले भूमिगत भांडार पावसाच्या झिरपत्या पाण्याने भरावयाचे होते, आणि त्यास वर्षे लागली. तापोल्त्साच्या गुहेत पाणी परतले. आज तेथे नावेतून फिरता येते. हेविझचा प्रवाहही हळूहळू चढत सेकंदाला चारशे लिटरांच्या आसपास आला. सरोवर आणि भोवतालचे रान आता संरक्षित आहे. झऱ्यातून किती पाणी आले व ते किती ऊन होते, याची मोजणी तेथे आजही नियमाने चालते.