न घेतलेलें छायाचित्र

शाळेच्या मैदानावर एक लिंबाचें झाड आहे व त्याच्यामागें दूरवर टेकडी दिसते, अशी कल्पना करा. या दृश्याचीं दोन छायाचित्रें घेतलीं. पहिलें एका जागेवरून आणि दुसरें, कॅमेऱ्याचा रोख न बदलतां, चार पावलें उजवीकडे सरकून. मधल्या, म्हणजे दोन पावलांवरील जागेवरून छायाचित्र घेतलेंच नाहीं. तें या दोहोंवरून रचितां येईल काय ? संगणक तें रचूं शकतो.

दोन्ही चित्रें एकमेकांवर ठेवून मिसळल्यास झाडाच्या दोन फिकट आकृति मात्र उमटतील. म्हणून पहिल्या चित्रांतील प्रत्येक बिंदूचा जोडीदार दुसऱ्या चित्रांत शोधावा लागतो. चित्राच्या रुंदीचे १०० भाग मानूं. लिंब पहिल्या चित्रांत डावीकडून ६० व्या भागावर, तर दुसऱ्यांत ४० व्या भागावर आहे. टेकडीचें शिखर ५२ वरून केवळ ५० वर आलें. जवळची वस्तु अधिक सरकते, दूरची थोडी. कुपवाडहून मिरजेस जातांना रस्त्याकडेचीं झाडें मागें पळतात व दूरच्या टेकड्या जागच्या जागीं वाटतात, तें याच नियमानें. तेव्हां मधल्या चित्रांत लिंब ५० वर आणि शिखर ५१ वर मांडावें. प्रत्येक बिंदु असा मांडला कीं नवें दृश्य सिद्ध झालें.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन दाखविली. तेथें चित्राचित्रांमधील काळाचें अंतर प्रेक्षकांची दृष्टीच भरून काढी. पुढें १९९९ च्या 'द मेट्रिक्स' या चित्रपटांत नटाभोंवतीं सुमारें १२० कॅमेरे मांडून त्यांच्या मधलीं दृश्यें संगणकानें रचिलीं. काळाऐवजीं आतां जागेचें अंतर भरलें गेलें.

परंतु या विद्येस एक मर्यादा आहे. दोन भिंतींमधील अरुंद बोळ समोरूनच आंतपर्यंत दिसते. दोन्ही बाजूंच्या कॅमेऱ्यांस केवळ भिंती दिसतात. बोळींत कोणी उभें होतें कीं नव्हतें, हें गणित सांगूं शकत नाहीं. संगणक ती जागा अंदाजानें भरतो, आणि तो अंदाज खऱ्या छायाचित्राइतकाच स्पष्ट दिसतो.

खेळ वा करमणूक यांत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मात्र एखाद्यावरील आरोपाचा निर्णय अशा चित्रावरून होऊं लागला, तर निरपराध्यास शिक्षा घडेल. खोट्या साक्षीचा निषेध आपण लहानपणींच शिकतों. म्हणून चित्र पुढें ठेवणाऱ्यानें तें घेतलेलें कीं रचिलेलें हें सांगावें. आणि न सांगितल्यास पाहणाऱ्यानें विचारावें.